ताळा जुळला, उत्तर चुकलं: बीजगणित आणि संभाव्यतेच्या गृहपाठाच्या नोंदी

३ मे. वहीची आखणी

गृहपाठाचा संच मिश्र आहे: एकचल समीकरणं, दोन चलांची शाब्दिक उदाहरणं, वर्गसमीकरणं आणि शेवटी संभाव्यता. असाच संच सोडवायला बसणाऱ्यांसाठी या नोंदी. सूत्रांच्या सिद्धता इथे नाहीत. गाडी कुठे अडते, का अडते आणि कशी सुटते, एवढंच.

पान उभं दुमडून दोन रकाने केले. डावीकडे रीत, उजवीकडे ताळा. डाव्या रकान्यात एका ओळीत एकच बदल करायचा. कंस सोडवणं आणि पक्षांतर एकाच ओळीत उरकलं, तर चूक नक्की कशात झाली हे नंतर सापडत नाही. खोडरबर बाजूला ठेवायचा. चुकलेल्या ओळीवर एक आडवी रेघ मारायची, पण ओळ वाचता आली पाहिजे, कारण चुकीची ओळ पुढे कामाला येते. कशी, ते उद्याच्या नोंदीत.

४ मे. छेद असलेलं समीकरण

(३क्ष − १)/४ − (क्ष − ५)/६ = ७

छेदांचा लसावि १२. प्रत्येक पदाला १२ ने गुणलं.

३(३क्ष − १) − २(क्ष − ५) = ८४
९क्ष − ३ − २क्ष + १० = ८४
७क्ष + ७ = ८४
७क्ष = ७७
क्ष = ११

ताळा: (३३ − १)/४ = ८ आणि (११ − ५)/६ = १. वजाबाकी ७. जुळलं.

हे समीकरण दोन ठिकाणी हमखास घसरतं. पहिली घसरण उजव्या बाजूला: छेद फक्त डावीकडे दिसतात, म्हणून डावी बाजू १२ ने गुणली जाते आणि उजवीकडचे ७ तसेच राहतात. मग ७क्ष + ७ = ७, म्हणजे क्ष = ०. उत्तर इतकं स्वच्छ की ताळा करावासाच वाटत नाही. केला तर डावी बाजू येते −१/४ + ५/६ = ७/१२. हवे होते ७, आले ७/१२, म्हणजे नेमका बारावा हिस्सा. १२ ने गुणायचं कुठेतरी राहिलं, हे ताळाच सांगतो आहे.

दुसरी घसरण कंसाबाहेरच्या वजाची. −२(क्ष − ५) सोडवताना −२क्ष − १० असं लिहिलं जातं. मग ७क्ष − १३ = ८४ आणि क्ष = ९७/७. हे मूळ समीकरणात घातलं की डावी बाजू २६/३ येते. ७ पेक्षा ५/३ ने जास्त, म्हणजे २०/१२. छेद १२ करून घेतला की वरचा २० बोलका होतो: १० चं चिन्ह उलटं पडलं की फरक दहाचा नसतो, विसाचा असतो. पायऱ्यांमध्ये १० कुठे आहे ते शोधलं की चूक हातात.

म्हणून ताळा चुकला की लगेच पहिल्या ओळीपासून पुन्हा सोडवायला घेऊ नये. आधी तफावत लिहावी आणि तिचा छेद लसावि इतका करावा. तफावत एखाद्या पदाच्या दुप्पट आली तर चिन्ह उलटलंय. बाजूंचं गुणोत्तर लसावि इतकं आलं तर गुणायचं राहिलंय. दोन चुका एकत्र झाल्या असतील तर मात्र ही युक्ती चालत नाही. तेव्हा मुकाट्याने सगळं पुन्हा.

६ मे. एक मूळ हरवलं, एक आगंतुक आलं

३क्ष(क्ष − ४) = ५(क्ष − ४)

दोन्हीकडे (क्ष − ४) दिसतं आणि हात आपोआप काट मारतो. उरतं ३क्ष = ५, क्ष = ५/३. ताळा केला तर जुळतो. तरीही उत्तर अर्धंच आहे, कारण क्ष = ४ घेतलं तर दोन्ही बाजू शून्य होतात आणि तेही मूळ आहे. काट मारताना (क्ष − ४) ने भागलं गेलं, आणि क्ष = ४ असेल तेव्हा तो भागाकार शून्याने होता.

दुरुस्ती सोपी: चल असलेल्या पदाने भागायचंच नाही. सगळं एका बाजूला आणून सामाईक अवयव बाहेर काढायचा.

(क्ष − ४)(३क्ष − ५) = ०
क्ष = ४ किंवा क्ष = ५/३

सापडलेलं मूळ बरोबर आहे एवढंच ताळ्याने कळतं. हरवलेल्या मुळाबद्दल तो काही बोलत नाही. वर्गसमीकरण असून एकच उत्तर आलं, तर दुसरं कुठे गेलं याचा हिशोब द्यायला हवा: दोन्ही समान आहेत, की एकावर काट बसली?

याच्या उलट प्रकार पुढच्याच उदाहरणात.

√(क्ष + ७) = क्ष − ५
क्ष + ७ = क्ष² − १०क्ष + २५
क्ष² − ११क्ष + १८ = ०
(क्ष − ९)(क्ष − २) = ०

क्ष = ९ घातलं तर √१६ = ४ आणि ९ − ५ = ४. ठीक. क्ष = २ घातलं तर √९ = ३, पण उजवीकडे −३. हे मूळ वर्ग करताना घुसलं, कारण ३ आणि −३ यांचा वर्ग एकच. वर्ग करण्याआधी बाजूला अट लिहून ठेवली की पुढचं आपोआप होतं: वर्गमूळ ऋण नसतं, म्हणून क्ष − ५ ऋण नको, म्हणून क्ष ≥ ५. वर्ग केलेल्या ओळीत ताळा करून मात्र काही उपयोग नाही. तिथे २ आणि ९ दोन्ही बिनतक्रार पास होतात. ताळा पहिल्या ओळीतच हवा.

८ मे. शाब्दिक उदाहरण: पहिल्या ओळीच्याही आधी

दोन अंकी संख्येतल्या अंकांची बेरीज १२ आहे. अंकांची अदलाबदल केली तर संख्या १८ ने वाढते. मूळ संख्या कोणती?

दशकस्थानचा अंक क्ष, एककस्थानचा अंक य. मूळ संख्या १०क्ष + य, नवी संख्या १०य + क्ष.

क्ष + य = १२
१०य + क्ष = १०क्ष + य + १८
९य − ९क्ष = १८
य − क्ष = २

बेरीज करून २य = १४, य = ७, क्ष = ५. मूळ संख्या ५७.

आता फसलेली मांडणी. ‘१८ ने वाढते’ हे वाचताच १८ नव्या संख्येला जोडले जातात: १०य + क्ष + १८ = १०क्ष + य. पुढची सगळी रीत निर्दोष, आणि उत्तर ७५. समीकरणात ताळा घेतला तर ५७ + १८ = ७५, अगदी नेटका जुळतो. जुळणारच, कारण ताळा चुकीच्या समीकरणाचा घेतला. उदाहरणाच्या वाक्यात घालून पाहिलं तर ७५ चे अंक फिरवून ५७ होतात, म्हणजे संख्या घटते. पहिल्या ओळीत चूक असेल तर त्या ओळीत घेतलेला ताळा तिला झाकतो. शाब्दिक उदाहरणात उजव्या रकान्यात समीकरण लिहायचंच नाही. तिथे उदाहरणातली वाक्यं आकड्यांसह पुन्हा लिहायची.

मांडणीसाठी एक सवय कामी येते. समीकरण लिहिण्याआधी ‘मोठं कोण?’ हा प्रश्न विचारायचा. नवी संख्या मोठी आहे, तर समान करण्यासाठी भर लहान बाजूला घालायची, म्हणजे मूळ संख्येला.

वयाच्या उदाहरणाचं थोडक्यात. वडिलांचं आजचं वय मुलाच्या चौपट, ५ वर्षांपूर्वी सातपट. चार चौकटींचा तक्ता करायचा: आज क्ष आणि ४क्ष, तेव्हा क्ष − ५ आणि ४क्ष − ५. मग ४क्ष − ५ = ७(क्ष − ५), क्ष = १०. आज १० आणि ४०, तेव्हा ५ आणि ३५. तक्ता न करता थेट समीकरण लिहिलं की वडिलांचे ५ वजा करायचे राहतात, ४क्ष = ७(क्ष − ५) होतं आणि मुलाचं वय ३५/३ निघतं. अपूर्णांक दिसला म्हणून चूक पकडली जाते, पण तो नशिबाचा भाग आहे.

दोन चलांच्या समीकरणांत कोणत्याही चलाचा सहगुणक १ असेल, तर निश्चयक मांडत बसू नये. किंमत घालण्याची रीत कमी ओळींत होते आणि चिन्हं सांभाळायची कमी राहतात.

११ मे. वर्गसमीकरण: अवयव पडतात तेव्हा आणि पडत नाहीत तेव्हा

६क्ष² − ११क्ष − ३५ = ०

पहिल्या आणि शेवटच्या सहगुणकाचा गुणाकार −२१०. गुणाकार ऋण, म्हणून २१० च्या अशा जोड्या हव्यात ज्यांचा फरक ११ आहे. मनात चाचपडण्यात वेळ जातो, क्रमाने लिहाव्यात. १ व २१०, २ व १०५, ३ व ७०, ५ व ४२, ६ व ३५, ७ व ३०, १० व २१. फरक ११, मिळाली. मधलं पद ऋण आहे, म्हणून मोठ्याला वजा: −२१ आणि +१०.

६क्ष² − २१क्ष + १०क्ष − ३५ = ०
३क्ष(२क्ष − ७) + ५(२क्ष − ७) = ०
(२क्ष − ७)(३क्ष + ५) = ०
क्ष = ७/२ किंवा क्ष = −५/३

इथे अपूर्णांक घालून वर्ग करत बसण्यापेक्षा मुळांची बेरीज आणि गुणाकार तपासणं जलद. बेरीज ११/६, गुणाकार −३५/६. समीकरणातून हेच अपेक्षित आहे. या ताळ्याचा आणखी एक फायदा असा की तो दोन्ही मुळं एकत्र तपासतो, त्यामुळे हरवलेलं मूळही उघड होतं.

पुढचं उदाहरण: ३क्ष² − ५क्ष − ४ = ०. गुणाकार −१२, फरक ५ असणारी जोडी हवी. १ व १२, २ व ६, ३ व ४, जोड्या संपल्या. आता आणखी शोधण्यात अर्थ नाही. यादी लिहिण्याचा हाही उपयोग: कधी थांबायचं ते कळतं.

प्रश्नात ‘पूर्ण वर्ग पद्धतीने’ असं म्हटलं आहे. नेहमीची रीत आधी ३ ने भागायला सांगते. मग ५/३, त्याचं निम्मं ५/६, त्याचा वर्ग २५/३६, आणि तो दोन्ही बाजूंना मिळवायचा. चुका इथेच साचतात: निम्मं करायचं राहतं किंवा २५/३६ एकाच बाजूला मिळवला जातो. श्रीधराचार्यांची म्हणून भास्कराचार्यांनी दिलेली जुनी रीत हा सगळा अपूर्णांकांचा पसारा टाळते. वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने दोन्ही बाजू गुणायच्या आणि मधल्या सहगुणकाचा वर्ग मिळवायचा. इथे चौपट १२.

३क्ष² − ५क्ष = ४
३६क्ष² − ६०क्ष = ४८
३६क्ष² − ६०क्ष + २५ = ७३
(६क्ष − ५)² = ७३
क्ष = (५ ± √७३)/६

शेवटच्या ओळीपर्यंत एकही अपूर्णांक नाही. √७३ सुमारे ८.५४४, म्हणून मुळं सुमारे २.२५७ आणि −०.५९१. बेरीज १.६६६, अपेक्षित ५/३. तिसऱ्या दशांश स्थानावरचा फरक निकटनाचा.

सूत्र पद्धतीने सोडवताना विवेचकात, म्हणजे सूत्रातल्या वर्गमूळाखालच्या पदात, धोका आहे. २५ − ४ × ३ × (−४) इथे कंस न घालता लिहिलं की २५ − ४८ = −२३ होतं आणि ‘वास्तव मुळं नाहीत’ असा शेरा मारून उदाहरण बंद केलं जातं. ताळा करायला उत्तरच उरत नाही, म्हणून ही चूक सर्वांत उशिरा सापडते. बचाव एका नजरेचा: पहिल्या आणि शेवटच्या सहगुणकांची चिन्हं भिन्न असतील तर विवेचक ऋण येऊच शकत नाही.

१३ मे. अंतर आणि वेग

३६० किलोमीटर अंतर. वेग ताशी १० किलोमीटरने वाढवला तर ३ तास कमी लागतात. मूळ वेग किती?

‘मोठं कोण?’ कमी वेगाचा वेळ मोठा. म्हणून

३६०/क्ष − ३६०/(क्ष + १०) = ३
३६००= ३क्ष(क्ष + १०)
क्ष² + १०क्ष − १२०० = ०
(क्ष + ४०)(क्ष − ३०) = ०

ताशी ३० किलोमीटर. ताळा वाक्यात: ३६० किलोमीटरला ३० च्या वेगाने १२ तास, ४० च्या वेगाने ९ तास, फरक ३.

−४० गाळताना ‘वेग ऋण नसतो’ हे कारण लिहायचंच. नुसती काट मारली तर पायरी अपुरी राहते. गंमत म्हणजे गाळलेलं मूळ निरर्थक नाही. चिन्ह काढलं की तो वाढवलेला वेग आहे. समीकरणात क्ष च्या जागी −(क्ष + १०) घातलं तरी समीकरण तेच राहतं, म्हणून ३० सोबत −४० येणारच. उत्तर लिहिताना ४० डोळ्यांसमोर असतं आणि चुकून तेच मूळ वेग म्हणून उतरवलं जातं, तेवढं सांभाळावं.

१५ मे. संभाव्यता सुरू, उजवा रकाना रिकामा

इथून काम बदलतं. बीजगणितात उत्तर परत घालून पाहता येतं. ३/४ ही संभाव्यता कशात घालणार? त्यामुळे प्रत्येक उदाहरणाला ताळ्याची वेगळी वाट शोधावी लागते, आणि या संचात सर्वाधिक वेळ त्यातच जातो.

दोन नाणी फेकली. किमान एक छापा येण्याची संभाव्यता?

चुकीचं उत्तर २/३, आणि त्यामागे युक्तिवादही असतो. अठराव्या शतकात दालांबेर या फ्रेंच गणितज्ञाने तो छापून मांडला होता: पहिल्यालाच छापा आला तर डाव संपला, म्हणून छापा, काटा-छापा, काटा-काटा या तीनच शक्यता, त्यांतल्या दोन अनुकूल. शक्यता तीन आहेत हे खरं, पण त्या समसंभाव्य नाहीत. पहिलीचं वजन १/२, बाकी दोघींचं प्रत्येकी १/४. नमुना अवकाश, म्हणजे सगळ्या शक्य निकालांची यादी, छाछा, छाका, काछा, काका असा चार घटकांचा लिहिला की उत्तर ३/४.

उजव्या रकान्यात पूरक घटना: एकही छापा नाही, म्हणजे काका, १/४. १ − १/४ = ३/४. दोन वाटांनी एकच उत्तर.

नाणी हुबेहूब सारखी असली तरी नमुना अवकाशात त्यांना पहिलं आणि दुसरं असं वेगळं धरायचं. पुढचं उदाहरण याच मुद्द्यावर आहे.

१६ मे. तीन फासे: ९ की १०?

तीन फाशांची बेरीज ९ येण्याची शक्यता जास्त की १०? गॅलिलिओने सतराव्या शतकात हाच प्रश्न सोडवला होता. दोन्ही बेरजा सहा-सहा प्रकारांनी होतात, म्हणून ‘सारखीच’ असं वाटतं.

९: १२६, १३५, १४४, २२५, २३४, ३३३
१०: १३६, १४५, २२६, २३५, २४४, ३३४

आता प्रत्येक प्रकार फाशांवर किती क्रमांनी येतो ते मोजायचं. तिन्ही अंक वेगळे असतील तर ६, दोन सारखे असतील तर ३, तिन्ही सारखे असतील तर १.

९: ६ + ६ + ३ + ३ + ६ + १ = २५
१०: ६ + ६ + ३ + ६ + ३ + ३ = २७

एकूण घटक २१६. म्हणून २५/२१६ आणि २७/२१६. सगळा फरक ३३३ मुळे पडतो, कारण तो एकाच क्रमाने येतो.

ताळ्यासाठी पूर्ण तक्ता करणं इथे परवडतं. ३ पासून १० पर्यंतच्या बेरजांचे घटक अनुक्रमे १, ३, ६, १०, १५, २१, २५, २७. बेरीज १०८, म्हणजे २१६ च्या बरोबर निम्मी. प्रत्येक फासा उलटून पाहिला, म्हणजे १ चा ६, २ चा ५ केला, तर ३ ची बेरीज १८ होते आणि १० ची ११. म्हणून निम्मे घटक १० पर्यंत असलेच पाहिजेत. एखादी जोडी मोजायची राहिली तर १०८ येत नाहीत.

१८ मे. ‘किंवा’

५२ पत्त्यांतून एक काढला. तो लाल किंवा राजा असण्याची संभाव्यता?

२६ + ४ = ३० हे चूक, कारण बदामाचा आणि चौकटचा राजा दोनदा मोजला गेला. २६ + ४ − २ = २८, म्हणून २८/५२ = ७/१३. ताळा उलट बाजूने: लालही नाही आणि राजाही नाही असे पत्ते म्हणजे २६ काळ्यांतून इस्पिक आणि किलवरचे राजे वगळून २४. ५२ − २४ = २८.

चित्रयुक्त पत्ते विचारले असतील तर ते १२: राजा, राणी, गुलाम. एक्का त्यांत धरत नाहीत.

१९ मे. ‘किमान एक’

फासा चार वेळा टाकला. किमान एकदा ६ येण्याची संभाव्यता?

एका वेळी १/६, चार वेळा म्हणून ४/६. बेरजेची ही चूक इतकी नैसर्गिक आहे की नुसतं ‘चूक’ म्हणून ती जात नाही. टोकाला नेऊन दाखवावी लागते. याच हिशोबाने सहा वेळा टाकल्यावर संभाव्यता १ होईल, म्हणजे ६ येणारच, आणि सात वेळा टाकल्यावर ७/६. एकापेक्षा मोठी संभाव्यता नसते. नियम सातला मोडतो, तर चारलाही तो बरोबर नव्हता.

रीत पूरक घटनेची. एकदाही ६ न येणे: (५/६)⁴ = ६२५/१२९६. म्हणून उत्तर ६७१/१२९६, सुमारे ०.५१८.

जोडप्रश्न: दोन फासे २४ वेळा टाकले, किमान एकदा ६-६ येण्याची संभाव्यता? बेरजेचा नियम दोन्हीकडे एकच उत्तर देतो, ४/६ आणि २४/३६. प्रत्यक्षात १ − (३५/३६)²⁴ सुमारे ०.४९१ येतं. एक निम्म्याच्या वर, दुसरं खाली. याच कोड्याचा उल्लेख पास्कलने १६५४ साली फर्माला लिहिलेल्या पत्रात आहे.

‘किमान एक’ हे शब्द दिसले की पहिली ओळ ‘१ वजा एकही नाही’ अशी लिहायची. थेट मोजता येतं, पण मग एकदा, दोनदा, तीनदा, चारदा असे चार प्रकार वेगवेगळे मोजावे लागतात.

२१ मे. परत न ठेवता

पिशवीत ५ लाल, ३ पांढरे चेंडू. एकामागून एक दोन काढले, पहिला परत ठेवला नाही. दोन्ही लाल असण्याची संभाव्यता?

५/८ × ४/७ = २०/५६ = ५/१४

ताळा म्हणून चारही शक्यता लिहिल्या. लाल-लाल २०, लाल-पांढरा १५, पांढरा-लाल १५, पांढरा-पांढरा ६. बेरीज ५६, छेद ५६. पूर्ण १.

हा ताळा काय पकडतो आणि काय सोडतो तेही तपासलं. दुसऱ्या चेंडूला अंश कमी केला पण छेद ८ च ठेवला, तर बेरीज ५६/६४ होते आणि चूक लगेच दिसते. पण ‘परत न ठेवता’ हे शब्दच वाचायचे राहिले, तर २५, १५, १५, ९ मिळून ६४/६४ येतात. बेरीज १, आणि उत्तर २५/६४ चूक. अंकांच्या उदाहरणातल्या ७५ सारखीच ही गत. आतला हिशोब निर्दोष, पण तो वेगळ्याच प्रश्नाचा. म्हणून ‘परत ठेवून’ किंवा ‘परत न ठेवता’ हे शब्द उतरवून त्याखाली रेघ मारल्याशिवाय पहिला अपूर्णांक लिहायचा नाही.

२२ मे. ‘एकावर ३ आहे’

दोन फासे टाकले. किमान एकावर ३ आहे एवढं सांगितलं. बेरीज ८ असण्याची संभाव्यता?

अनुकूल घटक (३, ५) आणि (५, ३), म्हणजे २. छेदात गफलत होते: पहिल्यावर ३ असलेले ६, दुसऱ्यावर ३ असलेले ६, म्हणून १२? (३, ३) दोन्हीकडे मोजला गेला, म्हणून ११. उत्तर २/११. पत्त्यांतला दोनदा मोजलेला राजा इथे पुन्हा भेटला, फक्त आता तो छेदात लपलाय.

‘पहिल्या फाशावर ३ आहे’ असं सांगितलं असतं तर घटक ६, अनुकूल १, उत्तर १/६. वाक्यातला एक शब्द बदलला आणि उत्तर बदललं. ६ × ६ चा तक्ता काढून आडवी आणि उभी रांग रंगवली की दोन्ही उत्तरं समोर दिसतात. यापेक्षा चांगला ताळा या उदाहरणाला नाही.

२४ मे. दोन्ही एकत्र

पिशवीत क्ष चेंडू, त्यांतले ६ लाल. परत न ठेवता दोन काढले तर दोन्ही लाल असण्याची संभाव्यता १/३. क्ष किती?

६/क्ष × ५/(क्ष − १) = १/३
क्ष² − क्ष − ९० = ०
(क्ष − १०)(क्ष + ९) = ०

चेंडूंची संख्या ऋण नसते, म्हणून क्ष = १०. ताळा: ६/१० × ५/९ = ३०/९० = १/३. इथे उत्तर पुन्हा वाक्यात घालता आलं. ‘परत न ठेवता’ वाचायचं राहिलं असतं तर ३६/क्ष² = १/३, क्ष² = १०८. १०८ हा पूर्ण वर्ग नाही, म्हणून मांडणीतली चूक समीकरणानेच उघडी पाडली असती.

शेवटचं उदाहरण. पिशवीत ६ लाल आणि क्ष पांढरे चेंडू. दोन चेंडू एकदम काढले तर ते वेगवेगळ्या रंगांचे असण्याची संभाव्यता १/२. क्ष किती?

वेगळ्या रंगांच्या जोड्या ६क्ष. एकूण जोड्या (क्ष + ६)(क्ष + ५)/२. पहिल्या निम्म्या आहेत, म्हणून

६क्ष = (क्ष + ६)(क्ष + ५)/४
२४क्ष = क्ष² + ११क्ष + ३०
क्ष² − १३क्ष + ३० = ०
(क्ष − ३)(क्ष − १०) = ०

एकूण जोड्या काढताना २ ने भागायचं राहिलं तर १२क्ष = क्ष² + ११क्ष + ३० होऊन क्ष² − क्ष + ३० = ० मिळतं आणि विवेचक −११९ येतो. डावीकडे क्रम न धरता जोड्या मोजल्या आणि उजवीकडे क्रम धरून, ही ती चूक. दोन्हीकडे क्रम धरला, म्हणजे १२क्ष आणि (क्ष + ६)(क्ष + ५) घेतलं, तरी चालतं.

मागच्या उदाहरणांत दोन मुळांपैकी एक गाळायची सवय लागलेली असते, म्हणून इथेही हात १० वर काट मारायला जातो. दोन्ही तपासली. क्ष = ३: वेगळ्या रंगांच्या जोड्या १८, एकूण ३६. क्ष = १०: वेगळ्या रंगांच्या जोड्या ६०, एकूण १२०. दोन्ही निम्म्या. गाळायला कारण नाही. उत्तरात ‘३ किंवा १०’ असंच लिहायचं.